फ्रान्स आणि स्वित्झर्लंड: स्थलांतरितांच्या मुलांची तुलना कशी करायची

स्वित्झर्लंडमध्ये दर शंभरातले सुमारे २७ लोक परदेशी आहेत. फ्रान्समध्ये स्थलांतरितांचं प्रमाण ११ टक्क्यांच्या आसपास. हे दोन आकडे शेजारी ठेवले की निष्कर्ष आपोआप निघतो: स्वित्झर्लंडने अडीचपट माणसं सामावून घेतली, तरी तिथे फ्रान्ससारखी उपनगरं दंगलीत पेटत नाहीत, म्हणजे त्यांचं काहीतरी बरोबर आणि फ्रान्सचं काहीतरी चुकलंय. हिशेब पहिल्याच ओळीत फसलेला आहे. दोन देश दोन वेगळ्या गोष्टी मोजताहेत.

स्विस आकडा फक्त पासपोर्ट बघतो. बासेलमध्ये जन्मलेली, तिथल्याच शाळेत शिकलेली, बासेलचीच बोली बोलणारी मुलगी तुर्की पासपोर्टवर असेल तर ती परदेशी. तिचे वडीलही बासेललाच जन्मलेले असले तरी काही फरक पडत नाही. स्वित्झर्लंडमधल्या परदेशी नागरिकांपैकी जवळजवळ पाचवा हिस्सा असा तिथेच जन्मलेला आहे. फ्रान्सची सांख्यिकी संस्था इन्से मात्र जन्मस्थळ बघते. परदेशात, परदेशी नागरिक म्हणून जन्मून फ्रान्समध्ये राहायला आलेला तो स्थलांतरित. पुढे त्याने फ्रेंच नागरिकत्व घेतलं तरी तो या यादीतून बाहेर पडत नाही, आणि त्याची फ्रान्समध्ये जन्मलेली मुलं या यादीत कधीच येत नाहीत. मुलांची गणती 'वंशज' म्हणून वेगळी होते: आई किंवा वडील स्थलांतरित असलेले आणि फ्रान्समध्ये जन्मलेले असे ७० लाखांहून जास्त लोक आहेत, म्हणजे आणखी ११ टक्के. स्वित्झर्लंडमध्येही आता 'स्थलांतराची पार्श्वभूमी' नावाची जास्त रुंद मोजणी करतात. तिच्यात नागरिकत्व मिळालेलेही येतात, आणि १५ वर्षांवरच्या लोकसंख्येत हे प्रमाण ४० टक्क्यांवर जातं. तुलना करायचीच असेल तर फ्रान्समधले स्थलांतरित आणि वंशज यांच्या बेरजेशेजारी हा आकडा ठेवायचा, २७ टक्क्यांचा नव्हे.

आणखी एक अडचण फ्रान्सपुरती आहे. तिथे जनगणनेत वंश किंवा धर्म विचारत नाहीत. १९७८ च्या माहिती-संरक्षण कायद्याने अशा नोंदींवर कडक बंधनं घातली, आणि २००७ मध्ये घटना परिषदेने वंशाच्या आधारे आकडेवारी गोळा करायला नकार दिला. आईवडिलांचा जन्मदेश मात्र विचारता येतो. त्यामुळे इन्से आणि लोकसंख्या संशोधन संस्था इनेड यांनी मिळून २००८-०९ आणि २०१९-२० मध्ये केलेली 'त्राजेक्त्वार ए ओरिजीन' ही पाहणी हाच या विषयाचा मुख्य आधार आहे. प्रत्येक वेळी वीस हजारांहून जास्त लोकांच्या मुलाखती झाल्या. फ्रान्सबद्दल एखादा ठाम आकडा वाचलात आणि तो या पाहणीतला किंवा इन्सेच्या रोजगार पाहणीतला नसेल, तर तो कुठून आला हे आधी विचारा.

मोजणी जुळवली तरी भांड्यात कोण आहे हा प्रश्न राहतोच. स्वित्झर्लंडमधल्या परदेशी लोकांत इटालियन, जर्मन, पोर्तुगीज आणि फ्रेंच हे मोठे गट. त्यात झुरिकच्या बँकेतला जर्मन व्यवस्थापकही आला आणि बासेलच्या औषध कंपनीतला फ्रेंच रसायनशास्त्रज्ञही. फ्रान्समधल्या वंशजांत अल्जीरिया, मोरोक्को आणि ट्युनिशियातून आलेल्यांच्या मुलांचा वाटा मोठा आहे, त्यामागे वसाहतीचा इतिहास आहे आणि १९५४ ते १९६२ चं अल्जीरियाचं युद्ध आहे. या दोन सरासऱ्यांची तुलना करून फारसं काही हाती लागत नाही. गट गटाशी ताडून पाहायचा.

यासाठी तुर्की कुटुंबं सगळ्यांत सोयीची. १९६० च्या दशकाच्या शेवटी आणि १९७० च्या सुरुवातीला अनातोलियातल्या खेड्यांतून कमी शिकलेले मजूर दोन्ही देशांत गेले. कुठल्याच देशाची तिथे वसाहत नव्हती, भाषा दोन्हीकडे परकी, धर्म तोच. २००७-०८ च्या सुमारास आठ देशांतल्या १५ शहरांत दुसऱ्या पिढीची 'टीस' नावाची पाहणी झाली. त्यात फ्रान्समधून पॅरिस आणि स्ट्रासबुर्ग, तर स्वित्झर्लंडमधून झुरिक आणि बासेल घेतलं होतं. चित्र असं निघालं: फ्रान्समधली तुर्की मुलं उच्च शिक्षणात कितीतरी जास्त प्रमाणात पोचली, पण नोकरीच्या दारात अडखळली. स्वित्झर्लंडमध्ये विद्यापीठापर्यंत जाणारी थोडी, पण हातात धंद्याचं प्रमाणपत्र घेऊन विशीत पगार कमावणारी बरीच. मग बरी परिस्थिती कुणाची? काय मोजता त्यावर उत्तर बदलतं, आणि तेही विसाव्या वर्षी मोजता की चाळिसाव्या, यावर.

हा फरक शाळेच्या रचनेतून येतो, म्हणून तिथे थोडं थांबू.

फ्रान्समध्ये तिसऱ्या वर्षापासून शाळा सक्तीची आहे (२०१९ पासून कायद्याने, प्रत्यक्षात जवळजवळ सगळी मुलं आधीपासूनच जात होती). घरी अरबी, सोनिंके किंवा तुर्की बोलणारं मूल तिसऱ्या वर्षीच दिवसभर फ्रेंच ऐकू लागतं, जेवणही शाळेच्या कँटीनमध्ये. १९७५ च्या सुधारणेनंतर पंधराव्या वर्षापर्यंत सगळी मुलं एकाच प्रकारच्या 'कोलेज'मध्ये, म्हणजे माध्यमिक शाळेत, शिकतात. खरी निवड नववीच्या शेवटी होते. तिला तिथे 'त्र्वाझियेम' म्हणतात. तिसऱ्या तिमाहीत शिक्षकांची बैठक मत देते: सामान्य लिसे (उच्च माध्यमिक शाळा), तांत्रिक लिसे की व्यवसाय लिसे. व्यवसायाचा 'बाक', म्हणजे लिसेच्या शेवटी मिळणारं प्रमाणपत्र, तीन वर्षांचा, त्यात मिळून सुमारे २२ आठवडे प्रत्यक्ष कामाच्या जागी काढायचे असतात.

ही जागा विद्यार्थ्याने स्वतः शोधायची. पहिली चव त्र्वाझियेममध्येच मिळते: सगळ्या मुलांना एक आठवडा कुठल्यातरी कामाच्या ठिकाणी काढायचा असतो. वकिलाचा मुलगा वडिलांच्या मित्राच्या कचेरीत जातो. पॅरिसला लागून असलेल्या गरीब सेन-सें-दनी जिल्ह्यातल्या मुलाने पन्नास पत्रं पाठवली तरी उत्तर येत नाही, मग गल्लीतलं कबाबचं दुकान किंवा काकांचं गॅरेज. तिथे या आठवड्याला 'कबाब स्टाज' (स्टाज म्हणजे कामाचा सराव) म्हणतात, हे पुरेसं बोलकं आहे. चौदा वर्षांच्या मुलाला आडनाव आणि पत्ता यांचं वजन इथे पहिल्यांदा कळतं.

पुढची गळती विद्यापीठात होते. व्यवसायाचा बाक करून सामान्य पदवीला गेलेल्यांपैकी फारच थोडे ती वेळेत पूर्ण करतात. त्यांच्यासाठी दोन वर्षांचा बे-ते-एस हा अभ्यासक्रम जास्त योग्य, पण तिथल्या जागा मर्यादित आणि बरेच जण शेवटी विद्यापीठात ढकलले जातात. मग वय वीस-एकवीस, हातात अर्धवट शिक्षण, आणि किमान उत्पन्नाचा भत्ता तर साधारणपणे पंचविसाव्या वर्षानंतरच. या मधल्या पाच वर्षांत माणूस आईवडिलांच्या घरात राहतो, महिना-दोन महिन्यांची कंत्राटं करतो. मुलींचं बरं चालतं. माघरेबी (अल्जीरिया, मोरोक्को, ट्युनिशियातल्या) आणि आफ्रिकी घरांतल्या मुली त्याच घरांतल्या मुलांपेक्षा स्पष्टपणे जास्त शिकतात. प्रमाणपत्र न घेता शाळा सोडणाऱ्यांत मुलगेच जास्त.

आता स्विस वाट. बालवाडी साधारण चौथ्या वर्षी, बऱ्याच ठिकाणी दुपारी जेवायला घरी. आईने पूर्णवेळ काम करणं अवघड, पाळणाघर महाग. जर्मन भागात आणखी एक गाठ आहे: वर्गात प्रमाण जर्मन, मधल्या सुटीत स्विस बोली. बासेल शहराच्या कँटनने (कँटन म्हणजे स्वित्झर्लंडमधलं घटक राज्य) २०१३ पासून जर्मन कच्चं असलेल्या मुलांना बालवाडीच्या आधीचं एक वर्ष जर्मन खेळगटात येणं सक्तीचं केलं, ते यासाठीच. कारण वेळ थोडा असतो. बहुतेक जर्मनभाषक कँटनांत सहावीनंतर, म्हणजे बाराव्या वर्षीच, मुलं वेगवेगळ्या स्तरांत वाटली जातात. घरी जर्मन नसलेल्या मुलाला फ्रान्सच्या तुलनेत शाळेची काही वर्षं कमी मिळतात आणि निवड तीन वर्षं आधी होते. वरच्या आणि खालच्या स्तरात स्थलांतरितांच्या मुलांचं प्रमाण किती वेगळं असतं हे अशा कुठल्याही शाळेच्या दोन वर्गांत डोकावलं की दिसतं.

पण खालच्या स्तरातून पुढे रस्ता आहे. स्वित्झर्लंडमधली साधारण दोन तृतीयांश मुलं उमेदवारी करतात. आपल्याकडचा आयटीआय डोळ्यांपुढे आणू नका: इथे बँकेतले कारकून, प्रयोगशाळेतले तंत्रज्ञ, संगणकवालेसुद्धा याच वाटेने जातात. आठवडाभरात तीन-चार दिवस कंपनीत काम, एक-दोन दिवस व्यवसायशाळा. साधं प्रमाणपत्र दोन वर्षांचं, पूर्ण प्रमाणपत्र तीन किंवा चार वर्षांचं. पगार पहिल्या वर्षापासून, पहिल्या वर्षी बहुतेक धंद्यांत महिना हजार फ्रँकच्या आत. पूर्ण प्रमाणपत्रासोबत व्यवसायाची माट्युरा (उच्च शिक्षणाची पात्रता परीक्षा) केली तर पुढे उपयोजित विज्ञानाच्या उच्च शिक्षणसंस्थेत प्रवेश मिळतो.

क्रम असा असतो. शेवटच्या दोन शालेय वर्षांत मुलगा कँटनच्या व्यवसाय माहिती केंद्रात जातो. मग दोन ते पाच दिवसांची 'श्नुपरलेअर', म्हणजे कंपनीत जाऊन काम बघायचं आणि कंपनीने मुलाला बघायचं. मग अर्ज: फोटो, गुणपत्रिका, श्नुपरलेअरचा शेरा, बऱ्याच कंपन्यांना पैसे भरून दिलेल्या खासगी अभियोग्यता चाचणीचा निकालही हवा असतो. मग करार, त्यावर कँटनची मंजुरी, आणि एक ते तीन महिने चाचणीचा काळ. शाळा संपेपर्यंत करार झाला नाही तर दहावं वर्ष किंवा जोडअभ्यासक्रम, आणि पुढल्या वर्षी पुन्हा तेच.

चूक कुठे होते? निवड करणारा असतो सहा-सात माणसांच्या वर्कशॉपचा मालक. त्याला सुतारकामाइतकीच काळजी असते ती 'आमच्यात बसेल का' आणि 'गिऱ्हाइकाच्या घरी पाठवता येईल का' याची. गावच्या फुटबॉल क्लबात किंवा अग्निशमन पथकात मुलाचा बाप ओळखीचा असेल तर काम सोपं. कोसोवोतून आलेल्या बापाची ती ओळख नसते. सारखेच गुण आणि वेगळी नावं टाकून केलेल्या चाचण्यांत जर्मन भागात अल्बानियन नावांना सगळ्यांत मोठा फटका बसल्याचं २००० च्या दशकाच्या सुरुवातीलाच दिसलं होतं. फ्रेंच भागात पोर्तुगीज नावांना त्या मानाने फारच कमी. स्विस पासपोर्ट हातात असला तरी हा फटका पूर्ण जात नाही, हे नंतरच्या चाचण्यांनीही दाखवलं.

फ्रान्समध्ये नावाची किंमत कमी नाही. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात एकाच सेनेगाली आडनावाच्या दोन काल्पनिक तरुणींचे अर्ज पाठवले, एकीची ओळख कॅथलिक, दुसरीची मुस्लिम. पहिलीला अडीचपट बोलावणी आली. गंमत अशी की कायदा फ्रान्समध्ये जास्त कडक आहे: भरतीत भेदभाव हा फौजदारी गुन्हा आहे, आणि अशा जोडअर्जांची चाचणी न्यायालयात पुरावा म्हणून चालते. नावाविना अर्जाचा कायदाही २००६ मध्ये झाला. तो अमलात आणणारा हुकूम मात्र निघालाच नाही आणि २०१५ मध्ये ते ऐच्छिक करून टाकलं. स्वित्झर्लंडमध्ये खासगी नोकरीतल्या वांशिक भेदभावाविरुद्ध असा सर्वसाधारण कायदा नाहीच. तिथे नोकरी मिळते ती कायद्यामुळे नाही, माणसं कमी पडतात म्हणून.

हा मुद्दा तुलनेत सर्रास विसरला जातो. स्वित्झर्लंडमध्ये सगळ्यांचीच बेरोजगारी कमी असते, म्हणून वंशजांचीही कमी दिसते. समजा (हे आकडे केवळ हिशेबापुरते) एका देशात स्थानिकांची बेरोजगारी ८ टक्के आणि वंशजांची १६, दुसऱ्यात २.५ आणि ६. दुसऱ्या देशात वंशज नक्कीच जास्त सुखी आहेत, पण स्थानिकांच्या तुलनेतली दरी पहिल्यात दुप्पट आणि दुसऱ्यात जवळजवळ अडीचपट आहे. पातळी, फरक आणि पट या तिन्ही गोष्टी वेगळ्या, आणि लिहिणारा आपल्याला सोयीची तेवढी निवडतो. फ्रान्सबद्दल खात्रीने सांगता येतं ते असं: पोर्तुगीज, स्पॅनिश, इटालियन वंशजांची रोजगाराची स्थिती स्थानिकांच्या जवळपास, माघरेब आणि सहाराखालच्या आफ्रिकेतून आलेल्यांच्या मुलांत बेरोजगारी साधारण दुप्पट.

स्विस बेरोजगारी कमी राहण्याची एक जुनी, कमी देखणी पद्धतही होती. १९३० च्या दशकापासून २००२ पर्यंत हंगामी मजुरांचा 'अ' परवाना होता: वर्षाला नऊ महिने काम, मग देश सोडायचा, बायकामुलं आणायची नाहीत. आणलीच तर पोरं दिवसभर खोलीत आवाज न करता लपून राहायची. १९६५ मध्ये माटमार्क धरणाच्या कामावर हिमनदी कोसळून ८८ माणसं मेली, त्यातली ५६ इटालियन होती. परदेशी लोकांवर १० टक्क्यांची मर्यादा घालणारा श्वार्त्झेनबाखचा प्रस्ताव १९७० च्या सार्वमतात ५४ टक्के 'नाही'ने पडला. त्या वेळी मत फक्त पुरुषांना होतं. आणि तेलसंकटानंतर काम गेलं तेव्हा परवाने नूतनीकरण न होता लाखो परदेशी मजूर परत गेले. बेरोजगारी मोजायला माणूसच देशात उरला नाही. फ्रान्सने १९७४ मध्ये मजूर भरती थांबवली, पण अल्जीरियन आणि मोरोक्कन कामगार गेले नाहीत. १९७६ पासून कुटुंबं आणायचा हक्क नियमांत बसला. मोटारींचे कारखाने आणि कापडगिरण्या माणसं कमी करू लागल्या, नेमक्या त्याच काळात त्यांची मुलं शाळेत जायला लागली.

पासपोर्टच्या बाबतीत बाजू उलटतात. फ्रान्समध्ये परदेशी आईवडिलांपोटी जन्मलेलं मूल, अकराव्या वर्षापासून एकूण पाच वर्षं तिथे राहिलं असेल, तर अठराव्या वर्षी आपोआप फ्रेंच होतं. तेराव्या वर्षापासून पालक, सोळाव्यापासून ते स्वतः आधीच अर्ज करू शकतं. आई किंवा वडील फ्रान्समध्येच जन्मले असतील तर जन्मतःच फ्रेंच. सरकारी नोकरी, मतदान, युरोपात कुठेही काम, सगळं खुलं.

स्वित्झर्लंडमध्ये नुसतं तिथे जन्मल्याने काहीच मिळत नाही. २०१८ पासून दहा वर्षं वास्तव्य आणि कायम वास्तव्याचा 'सी' परवाना लागतो. आठ ते अठरा या वयातली वर्षं दुप्पट धरतात, पण प्रत्यक्ष सहा तरी हवीत. बोलण्यात बी-१ आणि लिहिण्यात ए-२ पातळीची भाषा. मागच्या तीन वर्षांत सामाजिक मदत घेतलेली नको, घेतली तर फेडलेली हवी. बर्न कँटनमध्ये ही अट दहा वर्षांची आहे. शिवाय कँटन स्वतःची दोन ते पाच वर्षं वास्तव्याची अट घालतो. इथे बरेच जण फसतात: नोकरीसाठी दुसऱ्या कँटनमध्ये घर बदललं की ते घड्याळ पुन्हा शून्यावर. अर्ज कम्यून (गावाची किंवा नगराची पालिका), कँटन आणि संघराज्य अशा तीन पायऱ्यांनी जातो, आणि तिन्हीकडे शुल्क. ल्युत्सर्नजवळच्या एमेनमध्ये २००० साली लोकांनी मतपेटीतून अर्ज ठरवले: इटालियन मंजूर, युगोस्लाव्हियातले नामंजूर. २००३ मध्ये संघीय न्यायालयाने अशी मतदानं घटनाबाह्य ठरवली. तिसऱ्या पिढीला सोपी वाट २०१७ च्या सार्वमतात ६०.४ टक्के मतांनी मिळाली, पण तीही आपोआप नाही. वय पंचविसाच्या आत, पाच वर्षं स्विस शाळा, आई किंवा वडिलांचं दहा वर्षं वास्तव्य, आणि आजी किंवा आजोबांकडे त्या काळी वास्तव्याचा हक्क होता याचा कागद. साठ वर्षांपूर्वीचा तो कागद घरात सापडत नाही आणि अर्ज तिथेच रखडतो.

याचा रोजच्या पैशांशी संबंध आहे. स्वित्झर्लंडमध्ये मोटारविम्याचा हप्ता राष्ट्रीयत्वावरून वाढू शकतो. २०१९ पासून, सामाजिक मदतीवर अवलंबून राहिलेल्याचा पक्का 'सी' परवाना काढून वर्षावर्षाचा 'बी' देता येतो. त्यामुळे हक्काची मदतही न मागणारी कुटुंबं आहेत, आणि गरिबीच्या आकड्यांत ती नीट दिसत नाहीत. पासपोर्टमुळे आणखी एक घोळ होतो: नीट नोकरी असलेले नागरिक होतात आणि परदेशी लोकांच्या रकान्यातून निघून जातात, मागे उरतात ते जास्त अडचणीतले. फक्त 'परदेशी' रकाना वाचला तर दुसरी पिढी आहे त्यापेक्षा वाईट दिसते.

घरांबद्दल थोडक्यात. फ्रान्सने १९५८ नंतर शहरांबाहेर प्रचंड इमारतींच्या वसाहती उभ्या केल्या. चांगले पगार असलेले १९७० नंतर स्वतःच्या घरांत गेले, रिकाम्या जागी स्थलांतरित कुटुंबं आली. आज सरकारने प्राधान्याच्या म्हणून नोंदवलेल्या वस्त्यांत गरिबीचं प्रमाण ४० टक्क्यांच्या वर आहे, देशाच्या सरासरीच्या जवळजवळ तिप्पट. क्लिशी-सू-ब्वा पॅरिसच्या मध्यापासून फक्त पंधराएक किलोमीटरवर, पण २००५ मध्ये तिथून दंगल पसरली तेव्हा गावाला रेल्वे स्टेशन नव्हतं. ट्राम पोचली डिसेंबर २०१९ मध्ये. स्वित्झर्लंडमध्ये रेनाँ किंवा श्प्राइटेनबाखसारख्या गावांत निम्म्याच्या आसपास लोक परदेशी आहेत. पण वस्त्या लहान आणि रोजगाराच्या जवळ. रेनाँहून लोझान रेल्वेने दहा मिनिटांच्या आत.

युरोपात राहणाऱ्या मराठी कुटुंबांनाही हे नियम लागू पडतात. बासेल-झुरिकमध्ये जन्मलेलं भारतीय आईवडिलांचं मूल भारतीयच राहतं आणि वरची सगळी अर्जांची वाट त्यालाही चालावी लागते. फ्रान्समधल्या तुलूझमध्ये जन्मून वाढलेलं मूल अठराव्या वर्षी फ्रेंच होतं. भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही, तेव्हा ओसीआय कार्डाची (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणाऱ्या कार्डाची) तयारी त्या वाढदिवसाआधी केलेली बरी.

दोन्ही व्यवस्था एकमेकींना भिडतात त्या जिनिव्हाच्या सीमेवर. फ्रान्समध्ये राहून स्वित्झर्लंडमध्ये कामाला जाणारे दोन लाखांहून जास्त लोक आहेत. जिनिव्हाला लागून असलेल्या आनमास या फ्रेंच गावातल्या अल्जीरियन घरातला मुलगा फ्रेंच पासपोर्टमुळे सीमेपलीकडे कामाला जाण्याचा 'जी' परवाना सहज मिळवतो; अल्जीरियन पासपोर्टवरच्या त्याच्या वडिलांना तो मिळणं फार कठीण. २०२५ मध्ये जिनिव्हा कँटनमधलं किमान वेतन तासाला २४.४८ फ्रँक होतं आणि फ्रान्समधलं ११.८८ युरो, दोन्ही कपातीआधीचं, आणि फ्रँक-युरो जवळपास सारख्याच भावाचे. नोकरी गेली तर बेरोजगारी भत्ता मात्र फ्रान्स देतो. सीमेलगतच्या फ्रेंच गावांत घरभाडी या स्विस पगारांच्या हिशेबाने चढली आहेत, आणि आनमासमध्येच राहून आनमासमध्येच काम करणाऱ्याला ती युरोच्या पगारातून भरावी लागतात.